अंतिम प्रेक्षकाचे पक्षांतर

आदरणीय समूहजन हो,

आज सायंकाळी आमच्या जेद्दा येथील ढोल-ताशा पथकाचा जाहीर प्रयोग संपन्न झाला. वादक बावीस, प्रेक्षक एक.

या दुरवस्थेचा शिल्पकार मीच. वादनाच्या आवाराचे भाडे वादकांच्या वर्गणीतून भागते. म्हणून येईल त्या प्रेक्षकाच्या कमरेला मी ढोल बांधत गेलो. सौभाग्यवती कन्येसह नाशिकला परतल्यावर उरले एकटे दाऊदभाई, मूळचे दापोलीचे, इथल्या अझीझिया वस्तीतील किराणा व्यापारी.

आज तेही उठले. "डॉक्टर, नुसता बसून कंटाला येतो. माझ्या पन कमरेला बांधा की एक!"

जादा ढोल नव्हता आणि वर्गणीची निकड होती. मी माझाच ढोल त्यांना अर्पण केला व त्यांच्या खुर्चीत समस्त प्रेक्षकवर्ग म्हणून स्थानापन्न झालो.

पाच वर्षांत प्रथमच मी आमचे पथक समोरून ऐकले. उत्तम वाजते. माझ्यावाचून कुठेही काही उणे भासले नाही.

शेवटी मी टाळ्या वाजवल्या. एकट्याच्या टाळ्या फार स्पष्ट ऐकू येतात.

पुढील शुक्रवारी कुणी केवळ श्रवणार्थ याल का? सौभाग्यवतींची खुर्ची रिकामीच आहे, पुसून ठेवतो. ढोल बांधणार नाही, शपथ घेतो.