सीमाच्या नावावरच्या करंज्या

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सीमा घाडी राहते. तिच्या हातच्या करंज्या म्हणजे चाळीचा अभिमान, असं आम्ही बावीस वर्षं समजत होतो. पाहुणे आले की आम्ही दाखवायचो, ही बघा मुरड, कड कापायचं कातण न फिरवता नुसत्या बोटांनी घातलेली. वेणीसारखी एकसारखी मुरड आणि तळून काढली तरी जागची न हललेली. त्या करंज्या सीमाने कधीच केल्या नव्हत्या.

त्या तिचा नवरा धनेश करायचा.

धनेश लिफ्टचा मेकॅनिक. लोअर परळच्या टॉवरांमध्ये लिफ्ट अडकली की त्याला फोन जातो. रुंद पंजे, नखांत कायमचं काळं ग्रीस, बोलणं मोजकं. गिरणी संपात वडलांची नोकरी गेली तेव्हा त्याची आई घरी फराळाच्या ऑर्डरी घेऊ लागली. घरात मुलगी नव्हती. आठ वर्षांचा धनेश आईसमोर बसून लाट्या करायचा, मग सारण भरायला लागला, मग मुरड घालायला. गल्लीतली पोरं त्याला ‘बायल्या’ म्हणायची. तो शब्द तो विसरला नाही, आणि करंजीही सोडली नाही.

सीमा लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवाळीत शेजारच्या मीराबाई चाळणी मागायला आल्या. ओट्यावर करंज्यांचं ताट होतं. मीराबाईंनी एक उचलली, उजेडात धरली.

“कोणी केल्यान गो ह्यो?”

सीमा तोंड उघडणार तेवढ्यात आतून धनेश म्हणाला, “सीमाने.”

सीमा नुसती हसली. तिने मला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “खोटं ते बोलले, पण हसले मी.” नवी सून, अख्खी चाळ तिला पारखून बघत होती, आणि अचानक मीराबाई तिच्या गालावरून हात फिरवत होत्या. ते सुख तिला सोडवेना. दोन दिवसांत सगळ्या मजल्यांवर बातमी झाली.

पुढे ते तसंच चाललं. रविवारी दुपारी दार लावून, पडदा ओढून धनेश बसायचा. रवा-मैदा दुधात भिजवून खलबत्त्यात कुटायचा, मऊ होऊन बोटाला चिकटेनासा होईपर्यंत. पोळ्यांना तूप-पिठीचा साटा लावून गुंडाळी करायची, लाट्या कापायच्या, ओल्या फडक्याखाली झाकायच्या. मग एकेक लाटून, सारण भरून, कडेची चिमट काढून आत वळवायची. आठवडाभर कुणाशी धड न बोलणारा माणूस तेव्हा गुणगुणायचा. सीमा म्हणते, त्या वेळचा त्याचा चेहरा बघायला तिला फार आवडायचं. कधी तो मणी ओवून तोरण करी, कधी क्रोशाचा रुमाल. चाळीतल्या मुलींची लग्नं ठरली की रुखवताला साखरेचं तुळशीवृंदावन, सजवलेल्या सुपाऱ्या, पाच प्रकारच्या करंज्या, सगळं घाड्यांच्या घरून जायचं. कौतुक सीमा घ्यायची आणि घरी येऊन त्याला शब्दन् शब्द सांगायची. तो खूश व्हायचा. दोघांनाही वाटायचं, यात कुणाचं काय जातंय?

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत महिला मंडळाने हळदीकुंकवाला सीमाचा सत्कार ठरवला. मीराबाई मंडळाच्या अध्यक्ष. सत्कारानंतर सीमाने सर्वांसमोर करंजी करून दाखवायची, असंही त्यांनी परस्पर छापून टाकलं.

सीमाने कागद धनेशपुढे ठेवला. “मी नाही जाणार.”

“नाही कसं म्हणणार? हात मुरगळला सांग.”

त्या सकाळी त्याने स्वतः तिच्या मनगटाला क्रेप बँडेज बांधलं. प्रत्येक वेढा एकावर एक, सारख्या अंतरावर. सीमा त्याच्या बोटांकडे बघत राहिली. इतकं नीट बांधलेलं खोटं तिने कधी पाहिलं नव्हतं. ते सोडून टाकावं असं तिला वाटलं, पण ती उठली आणि साडी नेसायला गेली.

तळमजल्याच्या मंडळाच्या खोलीत साठ-सत्तर बायका होत्या. शाल दिली, नारळ दिला. मीराबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि पहिल्या दिवाळीतल्या त्या ताटाची गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगितली. पहिल्या रांगेत प्रिती होती, आमच्या मजल्यावरची, इस्पितळात नर्स. तिने सवयीने सीमाचा हात हातात घेतला.

“वहिनी, कुठे दुखतंय? इथे?”

“हो.”

“आणि इथे दाबलं तर?”

“तिथे पण.”

प्रितीने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात सोडून दिला. सीमा सांगते, तिथेच तिला फरशी दुभंगून आत जावंसं वाटलं.

प्रात्यक्षिक रद्द होईल असं तिने धरलं होतं. पण मीराबाईंची नात अनुजा उठली. महिन्याभरात तिचं लग्न होतं, माहीमला सासर. उत्साहाने बाह्या सारत म्हणाली, “काकू, तुम्ही नुसतं सांगा. हात माझे, शिकवणं तुमचं.”

टाळ्या पडल्या. समोर पीठ, सारण, शेगडीवर तेल.

सीमा सांगू लागली. बावीस वर्षं पाहिलेलं होतं, पण पाहणं वेगळं. कडेला पाणी किती लावायचं? तिने सांगितलं, भरपूर लाव. चिमट किती घ्यायची? “घे थोडी. वळव. हां, ओढून घे.” सांगितलं तसं अनुजाने केलं. पाच करंज्या तेलात गेल्या आणि एकामागून एक उकलल्या. खोबरं काळं पडून वर तरंगायला लागलं, धूर झाला.

मागून कुणीतरी म्हणालं, “पोरीचा हात कच्चा आहे.”

“सासरी काय करणार गं?” दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. चेष्टेतच, पण अनुजाचे डोळे भरले. “माझंच चुकलं, काकूंनी बरोबर सांगितलं होतं,” असं म्हणून तिने झारा खाली ठेवला.

खांद्यावर शाल घेऊन सीमा बसून राहिली. खुर्च्या लावायला आलेल्या पुरुषांत धनेश दाराशी उभा होता. सीमाने मान वर केली तेव्हा तो निघून गेला होता.

चार दिवसांनी मीराबाईंनी निरोप धाडला की रुखवत सीमानेच करायचं. अनुजाने पिठाला हात लावणं सोडलं होतं. घरात म्हणायची, मला ते जमणारं नाही.

सीमा धनेशला म्हणाली, “मी सांगणार आहे सगळ्यांना.”

“वेड लागलंय का? कामावरच्या पोरांना कळलं तर मला जगू देणार नाहीत.”

“त्या मुलीने माझी चूक स्वतःवर घेतली, अहो. मी बघत बसले.”

“मग तिला एकटीला सांग.”

“बायका तिला सगळ्यांसमोर हसल्या. सांगायचं तेही सगळ्यांसमोरच.”

धनेशने चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, “तुला जे करायचं ते कर. मला विचारू नको.” ती परवानगी नव्हती, हे तिला कळत होतं. तरी ती गेली.

मीराबाई तांदूळ निवडत होत्या. सीमाने उभ्यानेच सांगितलं. सूप थांबलं.

“म्हणजे बावीस वर्षां माका फसवलंस?”

“हो, मावशी.”

“फसवलंस तर फसवलंस. माझ्या नातीक रडवलंस गो, त्याचा काय?” त्या पुन्हा तांदळाकडे वळल्या. सीमाने शाल समोर ठेवली, त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

अनुजाने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तेव्हाच का नाही बोललात काकू?” मंडळाच्या पुढच्या सभेत सीमा उभी राहिली आणि सर्वांसमोर बोलली. प्रितीने मान खाली घातली. मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि हसू पसरलं.

ते हसणं सीमाला लागलं नाही, कारण ते तिच्यावर नव्हतंच. जिन्यात पुरुष विचारू लागले, “काय धनेशशेठ, ऑर्डर घेता का?” कामावरही पोचलं. धनेश मान खाली घालून जायचा-यायचा. खलबत्ता पलंगाखाली गेला. अनुजाचं रुखवत दादरहून विकत आणलं. सीमाला तेव्हा कळलं, आपण आपली लाज हलकी करायला गेलो आणि त्याला न विचारता त्याच्या डोक्यावर ठेवून आलो. तिने त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “तुझं बरोबर होतं.” पण रविवारी तो बाहेर भटकायला जाऊ लागला.

नऊ महिने असे गेले. दिवाळीच्या आधीच्या रविवारी अनुजा माहीमहून आली, डब्यात भिजवलेलं पीठ घेऊन. सीमाला नमस्कार केला आणि थेट धनेशसमोर बसली.

“काका, मला चुकीचं शिकवलंय. आता बरोबर शिकवा.”

“मला नाही जमायचं आता.”

तिने वाद घातला नाही. स्वतःच लाटायला घेतलं, कडेला बोटभर पाणी फासलं. धनेश बघत होता. तिने चिमट ओढली तसा तो कळवळला.

“अगं, ओढू नको. पाणी नुसतं दाखवायचं. दे इकडे.”

संध्याकाळपर्यंत दोघं बसले. पीठ संपलं तेव्हा त्याने खलबत्ता काढून आणखी कुटलं. दार उघडंच राहिलं होतं. जाता-येता लोकांनी पाहिलं, एक-दोघं हसलेही. धनेशने मान वर केली, पण हात थांबवला नाही. तो पुन्हा गुणगुणत होता. सीमा त्यांना तेल तापवून देत होती, भांडी घासत होती. कितीतरी महिन्यांनी तिला भूक लागली.

मीराबाई पूर्वीसारख्या बोलत नाहीत, कामापुरतं बोलतात. गेल्या जानेवारीत मंडळाने धनेशचा सत्कार करायचा घाट घातला, तेव्हा त्याने हात जोडून नाही म्हटलं. ते ऐकून सीमाला हायसं वाटलं, कारण त्या खोलीत पुन्हा बसायची तिची तयारी नव्हती. हायसं वाटल्याची तिला लगेच लाज वाटली. त्या रात्री तिने दोन्ही त्याला जसंच्या तसं सांगितलं.