जाळी कोणी काढली

ज्या वकिलानं माझ्या बापाला हरवलं, त्याच्याच हाताखाली मी काम शिकलो. हे लिहिताना थोडं अडखळतो आहे. पण मी तिथं का गेलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

बा यवतमाळच्या एका कापूस कंपनीच्या जिनमध्ये रेच्यावर होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. आमच्या घरानं धम्म घेतला, त्याच्या पुढच्या हंगामात, दसऱ्यानंतर लगेच, यंत्राच्या पट्ट्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पट्ट्यावर लोखंडी जाळी असायला हवी होती, ती नव्हती. कंपनीच्या वकीलसाहेबांनी भरपाईच्या दाव्यात सांगितलं की ती ह्यांनीच काढली. दावा तिथंच संपला. बाहेर आल्यावर मॅनेजर सगळ्यांसमोर बांना म्हणाला, "देव सोडले ना तुमी? मंग देवानं बोटं घेतली. हिशेब बराबर!" लोक हसले. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. त्या हसणाऱ्यांत आमच्या ओळखीचेही होते.

पुढं अमरावतीला बी.ए. केलं, नागपूरला कायद्याला गेलो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. शेवटची परीक्षा दिली, निकाल लागायचा होता, तेव्हा कळलं की वकीलसाहेबांना कंपनीच्या कामासाठी मदतनीस हवा आहे. ते आता पगारावर कंपनीतच बसत. मी अर्ज केला. मॅनेजर मला पाहून म्हणाला, "वा रे! बोटं आमच्याकडं ठेवली, आता पोरगा ठिवाले आणला!" मला फक्त हे शिकायचं होतं की आम्हाला हरवलं कसं.

वकीलसाहेब शिकवायला चांगले होते, हे मान्य करावं लागतं. पुस्तकातलं ते काहीच विचारत नसत. म्हणत, "कागद लिवाच्या आंधी जिनमधी जाऊन पाय. लोकाइले त्याइच्या बोलीत विचार. अन् एक ध्यानात ठेव, आपला अशील कंपनी हाये, मॅनेजर नाही. मॅनेजर उद्या दुसरा येईन."

त्यांची एक रीत होती. कोर्टात जाण्याआधी आपल्याच साक्षीदाराला ऑफिसात खुर्चीवर बसवायचं आणि विरुद्ध बाजूचा वकील होऊन त्याला सोलून काढायचं. ह्याला ते तालीम म्हणत. "आंधी आपून नापास करून पायचा," ते सांगत, "मंग कोर्टाले जमत नाही. अन् काहून केलं, कशासाठी केलं, असं कंदी विचाराचं नाही. 'काहून' विचारलं का मानूस पळते. ज्याचं उत्तर हो नाहीतर नाही, तेवढंच विचाराचं."

त्या वर्षी दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला आणि आठवड्याच्या आत एका बाईचा पदर त्याच पट्ट्यात ओढला गेला. तिचा हात कोपरातून मोडला. जाळी पुन्हा नव्हती. मॅनेजरनं पुन्हा तेच सांगितलं, बाईनंच काढली. बाईचा वकील नागपूरचा होता. त्याला आमच्या जिनची रीत माहीत असणं शक्य नव्हतं.

मला माहीत होती. दसऱ्याला मॅनेजर यंत्राची पूजा करायचा. मोठ्या चाकाच्या खांबाला शेंदूर लावून झेंडूचा हार घालायचा. तो खांब जाळीच्या आत होता, म्हणून जाळी काढावी लागे. हार हातानं उतरवणं अशुभ, तो सुकून आपोआप गळायला हवा. आणि वरून जाळी बसवली तर हार चेपतो. म्हणून हार गळेपर्यंत यंत्र उघडंच चाले. सगळ्या जिनला हे ठाऊक होतं. बांच्या दाव्यात हे कोणीही विचारलं नव्हतं.

एक विचार मनात आला, की गप्प राहावं आणि मॅनेजरला कोर्टात उघडा पडू द्यावं, गावासमोर. पण विचारणाराच नसेल तर तो उघडा कसा पडणार? तो पुन्हा सुटला असता, आणि बाई बांसारखीच रिकाम्या हातानं घरी गेली असती.

तालमीच्या दिवशी साक्षीदाराच्या खुर्चीवर मॅनेजर होता, आणि कंपनीचे मालक शेठजीही येऊन बसले. वकीलसाहेबांना खोकला झाला होता. ते मला म्हणाले, "तू हो नागपूरचा वकील."

मॅनेजर हसला. "विचारा, वकीलसाहेब. घाबरू नका."

मी विचारलं, "दसऱ्याची पूजा तुमीच करता?"

"मीच. दरसाल."

"हारही तुमीच घालता?"

"हो तं. दुसऱ्याचा हात लागू देत नाही."

"खांब जाळीच्या आत आहे?"

"आतच हाये."

"मग पूजेला जाळी काढावी लागते?"

"काढा लागते ना, त्याच्याशिवाय हार कसा जाईन?"

"ती तुमच्या हुकमानं निघते?"

"माह्याच. इथं दुसऱ्या कोनाचा हुकूम चालते?"

"हार पूजेनंतर उतरवता?"

"छे! अपशकुन करतं का? सुकून पडते थो."

"बाईचा हात मोडला, तेव्हा हार खांबावर होता?"

तो "हो" म्हणाला, आणि म्हटल्यावर थांबला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. गरज नव्हती. त्याच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला आणि मला फार बरं वाटलं.

शेठजी म्हणाले, "मतलब जाली तुमने निकाली, और नाम उस बाई का?" शेठजी वकीलसाहेबांकडे वळले. "कोरट नहीं जाना. बाई को जो बनता है, दे दो."

म्हणजे मॅनेजर कोर्टाच्या पिंजऱ्यात उभा राहणार नव्हता. माझ्याच प्रश्नांनी मी त्याला वाचवलं होतं. ते मला सोसेना. तडजोडीचा मसुदा माझ्याकडं आला, तेव्हा मी शेवटी एक कलम घातलं: दरवर्षी पूजा होताच, यंत्र सुरू होण्याआधी, मॅनेजरनं स्वतः हार उतरवून, सर्व कामगारांसमोर जाळी आपल्या हातानं बसवावी.

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कोन्त्या कायद्यात हाये?"

"कोणत्याच नाही. अशिलाच्या हिताचं आहे."

त्यांनी चष्मा काढून मसुद्यावर ठेवला. मग म्हणाले, "तुह्या बापाच्या वक्ती मी हाराचं विचारलं नाही. मले ठाव होतं."

"माहीत आहे, साहेब," मी म्हणालो. त्यांना आणखी काही ऐकायचं असावं. मी ते म्हटलं नाही. त्यांनी कलम तसंच ठेवलं, शेठजींनी सही केली.

पुढच्या दसऱ्याला मी बांना घेऊन गेलो. ते यायला तयार नव्हते. "मले त्या पूजेत कायले नेतं?" म्हणाले. मी म्हटलं, पूजेला नाही, नंतरचं पाहायला.

मॅनेजरनं हार उतरवला. कोणी हसलं नाही, पण सगळे पाहत होते. तो गुडघ्यावर बसून जाळीचे नट बसवू लागला, आणि पाना त्याच्या हातातून निसटून बांच्या पायाशी आला. बांनी तो उरलेल्या तीन बोटांनी उचलला, त्याच्यासमोर धरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"बोटं सांभाळा, सायेब."