उत्तरेला ठेवलेला सूर्य

"ही त्या वस्तीतलीच आहे, शेठ. म्हणून तर घेतली."

आमच्या ऑफिसचे सर असं म्हणाले आणि काचेच्या केबिनमधले सगळे हसले. मी तिथेच उभी होते. हातात लॅपटॉप. शेठ म्हणजे बिल्डर. त्यांनी मला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. "वाटत नाही हो," म्हणाले. पुन्हा हशा.

वर्षभर मला वाटत होतं, माझं काम बघून मला घेतलं.

काम म्हणजे न बांधलेल्या इमारतींची चित्रं. कॉम्प्युटरवर इमारत उभी करायची, मग तिच्यात उजेड सोडायचा. त्या सॉफ्टवेअरमध्ये सूर्यसुद्धा एक दिवाच. माऊसने उचलायचा, पाहिजे तिथे ठेवायचा. आई मार्केट यार्डात कांदे निवडायची, त्या पैशावर मी हे शिकले.

शेठचं काम बिबवेवाडीचं होतं. आमची वस्ती पाडायची. पुढे विकायचा टॉवर, त्याच्या पाठीमागे आमच्यासाठी एक इमारत. मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी फट. टॉवर दक्षिणेला. मी पुण्याचा सूर्य लावला, हिवाळ्यातली भर दुपार. आमची इमारत काळी पडली. एका खोलीत शिरून पाहिलं, तर भिंत कुठे संपते तेच दिसेना. अशाच एका खोलीत आम्हाला राहायचं होतं.

सरांना दाखवलं. त्यांनी चहाचा घोट घेतला.

"सूर्य उत्तरेला घे. खोल्यांत दिवे लपव. खिडकीतून ऊन आल्यासारखं वाटलं पाहिजे."

"पण सर, हिवाळ्यात तिकडून ऊन येतच नाही."

"तुमच्या लोकांना काय करायचंय उन्हाचं? राहतायत ना पत्र्याखाली?" मग आवाज गोड केला. "रविवारी तूच दाखव. तुझं ऐकतील. सह्या तिथल्या तिथे घेऊ."

तुमच्या लोकांना.

मी दिवे लावले. पलंगामागे एक, दाराआड एक. खोली झगमगली. मला बघवेना.

रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात पडदा लावला. पुढे आई बसलेली, ठेवणीतली साडी नेसून. शेठची माणसं दाराशी हात बांधून उभी. दार त्यांनी आतून लावून घेतलं होतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. टेबलावर संमतीचे कागद आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड.

पडद्यावर खोली आली. शेजारची हिराक्का दम्याची. "किती उजेड गं बाई," म्हणाली आणि पॅडकडे निघाली.

"हिराक्का, थांब."

मी पलंगामागचा दिवा बंद केला. मग दाराआडचा. सूर्य उचलला आणि टॉवरच्या पलीकडे, त्याच्या जागी नेऊन ठेवला. पडदा काळा झाला.

"हे आपलं खरं घर. भर दुपारी."

सर उठून माझ्या कानाशी आले. "बंद कर. पुण्यात कुठे काम मिळणार नाही तुला."

आईने विचारलं, "म्हंजे दिवसा पण काय दिसायचं नाही?"

"नाही, आई."

आई उठली. शाईचं पॅड उचललं आणि पदराखाली घेतलं. दाराजवळचा एक माणूस तिच्या अंगावर आला. हिराक्का मध्ये उभी राहिली. तिच्यामागे बाकीच्या बाया. त्या दिवशी एकही अंगठा उठला नाही.

सोमवारी नोकरी गेली. आता गल्लीच्या तोंडाशी एक गाडी उभी असते. काचा काळ्या. मी बाहेर पडले की सुरू होते. परवा कुणीतरी माझ्या भावाला थांबवून विचारलं, "बहीण घरी किती वाजता येते?" इतकंच. आणि त्याच्या पाठीवर थोपटलं.

धायरीकडच्या एका वस्तीला असंच झगमगीत घर दाखवलंय. तिथल्या लोकांनी मला खरा सूर्य लावून दाखवायला बोलावलंय. आई म्हणते, काही दिवस जाऊ नको.

पण मी जाणार. आणि नेहमीच्याच वेळी, याच गल्लीने, त्या गाडीसमोरून घरी येणार.