कानातला ठेका

गणपतीच्या आधी ढोलपथकाचा सराव सुरू झाला की माझी मुलगी घरी फक्त जेवायला आणि झोपायला यायची. ऑफिसातून थेट नदीकाठी. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहतो. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. तिची जीभ माझ्याहून तिखट होती, आणि मला त्याचा छुपा अभिमान होता.

त्या वर्षी तिला ध्वज मिळाला. भला मोठा बांबू मानेला झटके देत नाचवायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, मान धरलीये गं. डावीकडून पार डोळ्यामागपर्यंत दुखतंय."

"नाचव अजून," मी म्हटलं, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिची उशी उन्हात टाकली.

मग म्हणाली, कानात ठोके पडतात, सराव संपला तरी थांबत नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ढोलांच्या गराड्यात उभं राहिल्यावर काय सनई ऐकू येणार आहे?" आम्ही सगळ्या हसलो. तीही हसली.

पथकाच्या फोटोत तिचा डावा डोळा अर्धवट मिटलेला दिसत होता. मैत्रिणींनी चिडवलं, "कुणाला डोळा मारतेस?" तिने उत्तर पाठवलं, "ज्याला कळायचं त्याला कळलंय." जागरणाने पापणी जड झाली असेल असं मला वाटलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मानेचा स्नायू ताणलाय म्हणून गोळ्या आणि मलम दिलं. अशा वेळी 'मी त्यांना दोष देत नाही' असं म्हणायचं असतं. मी दिला, मनातल्या मनात पुष्कळ दिला. मान, कान, डोळा, प्रत्येकाला आमच्याकडे वेगळं उत्तर होतं, आणि तिन्ही पटण्यासारखी होती.

पापणी काही वर येईना, म्हणून आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी खोलीतला दिवा बंद केला आणि खालून बारीक टॉर्च धरून दोन्ही डोळे पाहिले. अंधारात उजवी बाहुली मोठी झाली होती, डावी तशीच बारीक राहिली होती. दिवा लावून त्यांनी विचारलं, "मान दुखते का? डावीकडेच?" मग, "कानात काही आवाज?"

मुलीने ठोक्यांचं सांगितलं. बाईंनी तिची नाडी धरली आणि म्हणाल्या, "कानात जसं वाजतंय तसं टेबलावर बोटाने वाजवून दाखव." ती वाजवू लागली. थोड्या वेळाने बाईंनी तिच्या बोटावर हात ठेवून ते थांबवलं.

"हा ढोल नाही. तुझं रक्त ऐकू येतंय तुला."

मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला आतून चीर गेली असावी, असं त्या म्हणाल्या. ब्लाउजचं अस्तर उसवून आत फुगावं, तसं आतल्या थरामागे रक्त साचतं. डोळ्याची एक नस त्या धमनीला लागूनच जाते, म्हणून पापणी उतरते. तिथे गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. "स्कूटरवर नको. रिक्षाने, मान न हलवता, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जा. मी फोन करून ठेवते."

स्कॅनमध्ये तेच निघालं. झटक्याने झालं का, असं मी विचारलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, "असेलही. कधी नुसत्या शिंकेनेही होतं." रक्त पातळ करणारं औषध लगेच सुरू झालं. आता सगळं वेळेत झालं असं वाटून मला हुंदका आला, आणि तिने मला "नाटकं नकोत" म्हणून दटावलं.

संध्याकाळी वॉर्डात चहा आला. एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "आई, हा चहा आहे की..." म्हणाली आणि थांबली. मला वाटलं, काहीतरी झणझणीत शोधतेय. मी हसायच्या तयारीत होते. कप तिच्या उजव्या हातातून पांघरुणावर पडला, आणि वाकडं केलेलं तोंड सरळ झालंच नाही.

जीव वाचला. औषध आधी सुरू झालं नसतं तर कदाचित तोही वाचला नसता, असं डॉक्टर सांगतात. पुढच्या स्कॅनमध्ये धमनी भरून आलेली दिसली. पापणी वर आली, हातही बराच चालतो. वाचा शिकवणाऱ्या बाई घरी येतात, चित्रं दाखवतात. चमचा, खिडकी, गाय. शिकवण्यात माझा जन्म गेला, पण मला ते पाहवत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. तिला सगळं कळतं, डोळ्यांत दिसतं. फक्त शब्द येत नाहीत, आणि आले तर गरीब, आज्ञाधारक येतात. नातेवाईक म्हणतात, किती शांत झाली हो मुलगी. त्यांना मी दारापर्यंत सोडायला जात नाही.

परवा मी मुद्दाम आमटीत मूठभर मीठ घातलं. पूर्वी अशा आमटीवर तिने मला आठवडाभर सोलून काढलं असतं. तिने भुरका मारला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. तिच्या ओठांची हालचाल झाली. मी जेवण सोडून वाट बघत राहिले.

"छान," ती म्हणाली.