नासिरभाईंचे बूट

उभ्या ट्रकजवळून जाताना नासिरभाई टायरवर टिचकी मारायचे, मग ट्रक कुणाचाही असो. चहा बशीत ओतायचे, पण प्यायचे कपातूनच. बशीतला चहा शेडमधल्या मांजराचा. हात धुताना आधी लाकडाचा भुसा, मग साबण. डावा कान इंजिनासाठी आणि उजवा माणसांसाठी, असं म्हणायचे, म्हणून त्यांच्याशी बोलताना उजव्या बाजूला उभं राहावं लागे. नवा इंग्रजी शब्द आला की संध्याकाळच्या आत तो कुणावर तरी वापरून बघायचे. आणि वाक्याच्या शेवटी "बरोबर ना, मास्तर?" असं विचारून उत्तराची वाट न बघता पुढे बोलायचे.

मास्तर म्हणजे मी. मी कुठेही मास्तर नव्हतो. इंग्रजी साहित्यात एम. ए. करून मार्केट यार्डातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, लिहीत होतो. ऑफिसच्या मागे उतारावर मोकळी जागा होती. तिथे नासिरभाई ट्रक दुरुस्त करायचे. त्यांच्या वडिलांनीही तिथेच केले होते. एक पत्र्याची शेड, बाकी सगळं उघड्यावर.

काम कमी होत चाललं होतं. नवे ट्रक कंपनीच्या वर्कशॉपला जातात आणि त्यांचा बिघाड कॉम्प्युटर सांगतो. जुने ट्रक एकेक करून भंगारात निघत होते. नासिरभाईंना काही दिवस नुसतं बसून राहावं लागायचं. ते बसलेले बघवत नसत.

कोविड सरल्यावर कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला, वाळवंटात, लोखंडाच्या खाणी. खाणवाल्यांचा एक माणूस टेबलापाशी बसून सांगत होता की कुशल कामगारांची भयंकर टंचाई आहे, मोठ्या डिझेल मशिनांचे मेकॅनिक मिळत नाहीत, मशिनं नुसती उभी आहेत, सरकारनं बाहेरच्या माणसांना लवकर आत घ्यावं. नासिरभाईंनी माझ्याकडून त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा सांगवून घेतला.

"त्यांच्याकडे मशीन आहे, माणूस नाही. माझ्याकडे उलटं. बरोबर ना, मास्तर?"

या वेळी मात्र ते उत्तराची वाट बघत थांबले. मी बरोबर म्हणालो. तेव्हा मलाही ते तेवढंच सरळ वाटलं होतं.

ते तेवढं सरळ नव्हतं. इंग्रजीची परीक्षा होती, कामाची वेगळी परीक्षा होती, आणि अर्ज पंचेचाळिशीच्या आत व्हायला हवा होता. नासिरभाई त्या डिसेंबरात पंचेचाळीस पूर्ण करणार होते. तिकडच्यांना अनुभव भरपूर हवा होता, पण तो तरुण माणसाकडे असायला हवा होता.

आम्ही शेडमध्ये शिकवणी सुरू केली. आमच्या ऑफिसचे मालक आप्पासाहेब येता-जाता बघायचे. एकदा म्हणाले, "जा, जा. कांगारू रस्त्यात खोळंबलेत." नासिरभाई त्यांच्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, आय अंडरस्टँड युअर कन्सर्न. आप्पासाहेब आत गेले. आम्ही पोट धरून हसलो.

त्यांचा मावसभाऊ कादर तिकडे खाणीच्या छावणीत स्वयंपाकघरात होता. त्याने फोनवर वेगळंच सांगितलं. या देशात मेकॅनिक आहेत, म्हणाला, पण घरदार सोडून वाळवंटात राहायचं तर ते त्याचे पैसे मागतात. कंपनीला तेवढे द्यायचे नसतात, म्हणून टंचाई. लोखंडाचा भाव पडला की बाहेरून आणलेल्यांना आधी घालवतात. नासिरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, कादरला वाटतं, तिथे पोचलेला शेवटचा माणूस तोच असावा.

इंग्रजीत ते पास झाले. त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, आबेदाभाभींनी, विश्रांतवाडीच्या घरून माझ्यासाठी डब्यात शीरखुर्मा पाठवला. ईद लांब होती.

कामाची परीक्षा जूनमध्ये एका एजन्सीच्या खोलीत झाली. समोर स्क्रीन, स्क्रीनवर तिकडचा परीक्षक. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून त्यांचा आवाज येत होता, न अडखळता. मग मध्येच खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं. परीक्षकानं विचारलं, तुम्ही मशीनखाली असताना ते कुणी चालू करणार नाही याची काय व्यवस्था करता?

यार्डात याचा रिवाज आहे. गाडीखाली शिरणारा माणूस आपली एक चप्पल ड्रायव्हरच्या सीटवर ठेवतो. सीटवर चप्पल दिसली की त्या गाडीला कुणी हात लावत नाही. हमाल नाही, ड्रायव्हर नाही, मालकसुद्धा नाही. वाचता यावं लागत नाही, हाक मारावी लागत नाही. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही.

नासिरभाईंनी तेच सांगितलं. परीक्षकाला कळेना. तेव्हा त्यांनी पायातली चप्पल काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली.

"साहेबाला चप्पल दाखवली मी, मास्तर," ते म्हणाले. "तो मागे सरकला."

मी हसलो. तेही हसले, पण थोडंसंच.

महिन्याभरात निकाल आला. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक, सगळ्याला चांगलं म्हटलं होतं. सुरक्षिततेत नापास. पुन्हा एकदा बसता येईल, नोव्हेंबरात. म्हणजे डिसेंबरच्या आधी ती एकच संधी उरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भवानी पेठेतून बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट आणले. गाडी कुणी चालू करू नये म्हणून घालायचं एक कुलूप आणलं. लाल प्लास्टिकची एक पाटी करून घेतली, तिच्यावर इंग्रजीत ‘चालवू नका’ आणि खाली त्यांचं नाव, जशी तिकडे लावतात तशी. मी म्हणालो, परीक्षेपुरतं पाठ केलं तरी चालेल. ते म्हणाले, अंगात नसेल ते तोंडात येत नाही. त्यांचं खरं होतं. जून महिन्यात नेमकं तेच झालं होतं.

तिकडे कामावर बूट पायातून काढायचे नाहीत. म्हणून इथेही नाहीत. पावसाळाभर ते बुटांत राहिले. पाय सुजायचे. ड्रायव्हर विचारायचे, नासिरभाई, मिलिटरीत लागलात का? जुन्या गाड्यांना कुलूप घालायला जागाच नसायची, मग ते कुलूप आणि पाटी दोन्ही स्टिअरिंगला अडकवायचे. पाटीचा अर्थ ते भेटेल त्याला सांगायचे. सप्टेंबरपर्यंत बहुतेकांना ठाऊक झालं होतं.

भैरूला ठाऊक नव्हतं. भैरू कात्रजच्या पलीकडच्या गावचा. बहिणीच्या आजारपणामुळे तो बरेच दिवस गावी होता. त्याचा ट्रक दुसऱ्या ड्रायव्हरनं नासिरभाईंकडे आणून लावला होता. मागचे कमानपाटे बदलायचे होते. ट्रक उताराच्या वरच्या अंगाला तोंड करून, पहिल्या गिअरमध्ये उभा होता, मागच्या चाकांमागे दगड. त्या गाडीला किल्ली नव्हती. बटण दाबलं की ती सुरू व्हायची, आणि गिअरमध्ये असली तर पुढे झेपावायची.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी भैरू आला. कांद्याचा माल भरायचा होता. नासिरभाई मागच्या चाकापुढे, डाव्या बाजूला, गाडीखाली होते. भैरू उजव्या बाजूनं चढला.

मी ऑफिसात होतो. आधी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग ती बंद पडल्याचा. एवढ्या कमी वेळात झालं की मी हातातली बिल्टी पूर्ण लिहिली आणि मग बाहेर गेलो.

भैरू शेडच्या कडेला जमिनीवर बसला होता. त्याच्या हातात ती लाल पाटी होती. गाडीचा काही नंबर असेल असं त्याला वाटलं होतं. पोलीस आले, त्यांनी नाव विचारलं, तो नाव सांगेना. तो एवढंच बोलत होता.

"म्या सीट बघितली वो. चप्पल न्हवती. चप्पल असती तर म्या बसलोच नसतो."

कुणी त्याला दोष दिला नाही. चढताना सगळ्यांनीच सीट बघितली असती.

हॉस्पिटलमधून बूट परत मिळाले. बुटांना काही झालं नव्हतं. आबेदाभाभींनी ते घरात घेतले नाहीत. मी ते हातात धरून विश्रांतवाडीच्या स्टॉपवर उभा राहिलो, मग तसाच बसमध्ये चढलो.

ऑक्टोबरच्या शेवटी एजन्सीचा फोन आला. नासिरभाईंनी माझाही नंबर दिलेला होता. ती मुलगी आवाजावरून चांगली वाटली. नोव्हेंबरच्या परीक्षेची तारीख ठरवायची होती. मी सांगितलं की ते आता नाहीत. ती म्हणाली, सॉरी सर. आणि पुढे म्हणाली की टंचाई अजून आहे, तुमच्या ओळखीत दुसरे कुणी असतील तर कळवा.

मी बरं म्हणालो.

पंचनामा झाला तरी तो ट्रक तिथेच उभा आहे. दुसरा मेकॅनिक त्याला हात लावायला तयार नाही. मी एकदा वाकून बघितलं. नवे पाटे बसवलेले आहेत. उजव्या बाजूचे नट आवळलेले आहेत. डाव्या बाजूचे नुसते हातानं फिरवून ठेवलेत. त्यांना पाना लावायचा राहिलाय.