सात वितीचं चाक

आधी चहा घ्या, गार होईल. आणि हसायचं असंल तर कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी एकाच्या नाकातनं चहा आला होता!

तर मी उभ्या आयुष्यात लोकांना बनवत आलो. शिमग्याला कोणाचा पाटा देवळात नेऊन ठेव, कोणाची खाट आंब्यावर चढव. पण एकदा मीच असा बनलो म्हणता! आणि बनवलं कोणी? या माझ्या पंजानं. बघा पंजा. लहान हाय ना? लक्षात ठेवा.

तेव्हा माझ्याकडं घाटावरनं आणलेला जुना ट्रॅक्टर होता. चालू केला की पयला पोटभर खोकायचा, मग हलायचा. पण गावातले बैल सगळे गेलेले, त्यामुळं त्याला मान होता हो! माझ्यापेक्षा जास्त.

आमच्या शेजारी शेवंती वयनी. नवरा वारला, तशी मुंबईची खोली सोडून गावाला आली. डोंगराच्या उताराला तिची वरकस जमीन, कैक वर्षं पडीक. तिचा दीर सदू म्हणाला, "वयनी, या पावसात नाचणी लावलीस तर कस तुझी तू. नायतर मी काजू लावतो." आता सदूनं काजू लावला की ती जमीन कोणाची होणार, हे काय सांगायला पायजे?

वयनीनं नाचणीचं बी पेरून रोपं केली. रोपं लावण्याजोगी वाढली. आणि आमचा ट्रॅक्टर? नेमका तेव्हाच बसला! मागचं उजवं टायर फाटलं आणि रिम पण चेपली.

"वयनी, तुमी घोर लावून घेऊ नका. मी आणतो चाक."

"तात्या, ही पण तुमची मस्करी नाय ना? गेल्या शिमग्याला माझा पाटा तुमीच नेलात."

बघा! मेला एक पाटा, पण किती नडतो!

आता चाक आणायचं कुठनं? माझा दोस्त हुसेन, नाटे बंदरावरचा. होडी हाय त्याची. होडीच्या अंगाला जुनी टायरं बांधतात ना, धक्क्याला घासू नये म्हणून? त्यामुळं टायरांचे सगळे भंगारवाले त्याच्या ओळखीचे. मासळीच्या गाडीतनं तो कोल्हापूरला जायचा. मी म्हटलं, "हुसेन, येताना या ट्रॅक्टरचं मागचं चाक आण, रिमसकट."

"नंबर काय टायरचा?"

आता नंबर वाचता आला असता तर मी ट्रॅक्टर हाकला असता काय? मास्तर झालो असतो! मी आपला वाकलो आणि डाव्या बाजूचं चांगलं चाक खालपास्नं वरपर्यंत विती टाकून मोजलं. "सात वीत! घोकत जा."

"सात वीत," हुसेन म्हणाला आणि गेला. आमच्याकडं विहिरीचा काठ वितीनं, गोठ्याचा खांब वितीनं, मग चाकानं काय पाप केलंय?

दोन दिवसांनी चाक आलं. उतरवून घेताना मला जरा थोराड वाटलं, पण म्हटलं घाटावरचा माल, खाऊनपिऊन असणार. बोल्टची भोकं बरोबर जुळली. मी लगेच बसवलं. वयनी उभी, सदू उभा, अर्धी वाडी उभी. मी ऐटीत जॅक काढला.

आणि ट्रॅक्टर डावीकडं कलला! असा कलला, जसा काय डाव्या बाजूच्या माणसाच्या कानात गुपित सांगतोय.

सदू म्हणाला, "तात्या, सकाळी सकाळी पाजलीस काय रे त्याला?"

वाडी हसून लोळायची बाकी. मी हुसेनवर धावलो. "मेल्या, सात वीत सांगितलं होतं ना?"

"सातच हाय! मोज!"

मी मोजलं. आठ, आणि वर थोडं. त्यानं मोजलं. बरोब्बर सात! पुन्हा मी, पुन्हा तो. आमी भांडतोय, चाक मोजतोय, आणि लोकांना वाटतंय ही तात्याची नवीन मस्करी. शेवटी वयनी पुढं आली.

"तुमी दोघं जरा पंजाला पंजा लावा बघू."

लावला. हुसेनची बोटं माझ्या बोटांच्या वर पार एक पेर! जन्मभर जाळी ओढलेला हात तो. माझा हात दुसऱ्याच्या खाटा उचलण्यापुरता.

वयनी हसली नाय हो. नुसती डोंगराकडं बघत राहिली. आकाश भरून आलेलं. मला एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "वयनी, कलला तर कलला, चालतो तर हाय. नांगरणार म्हणजे नांगरणार!"

निघालो. रस्त्यानं मी सीटवरनं सारखा डावीकडं घसरतोय, कुल्ला सावरतोय, पुन्हा घसरतोय. हुसेन उजव्या मडगार्डवर बसला, वजन म्हणून.

आणि उताराला लागलो ना, तर काय सांगू! उतार उजवीकडं, मोठं चाक पण उजवीकडं. ट्रॅक्टर सरळ! देवासमोर बसल्यासारखा सरळ! जिथं धड ट्रॅक्टर पालथे झाले असते, तिथं आमचा हा ऐटीत नांगर ओढत शेताच्या टोकाला फणसापर्यंत गेला.

"तात्या, आता वळव," हुसेन म्हणाला.

"वळवू? मोठं चाक वरच्या अंगाला आलं की आपण दोघं खाली सदूच्या अंगणात जाऊन पडू!"

मग काय? नांगर उचलायचा आणि उलटं यायचं! पुढं जाताना नांगरणी, मागं येताना मान पिरगाळलेली. दिवसभर तेच. संध्याकाळी डोंगर तांबडा झाला होता आणि माझी मान खांद्यावर राहिली होती. पण वयनीनं मातीचं ढेकूळ उचललं, हातात फोडलं, आणि तेव्हा कुठं हसली. चार दिवसांत नाचणी लागली. सदूचा काजू सदूकडंच राहिला.

आता खरं म्हणजे इथं गप्प बसायचं की नाय? पण मी कसला बसतो! गावभर सांगत सुटलो, "उतारासाठी मोठं चाक मीच मुद्दाम मागवलं. डोकं लागतं त्याला!" लोकांना पटलं हो! उताराच्या जमिनीवाले बोलवायला यायला लागले. हुसेन बिचारा गालात हसायचा.

नाचणी कापून झाल्यावर वयनीनं गरम भाकरी खिलवली आणि म्हणाली, "तात्या, एवढं डोकं हाय तर माझ्या पडवीला दार करून आणा."

या वेळी मी सावध! माझा पंजा फसवतो ना? म्हणून चौकट हुसेनच्या पंजानं मोजून घेतली. सुताराला विती सांगितल्या. तो म्हणाला, "वीत केवढी ती दाखव."

आणि मी माझा पंजा दाखवला!

दार बसवलं. वर टेकलं आणि खाली ही एवढी फट! दार बंद, कडी लावलेली, आणि खालनं कोंबडी बाहेर आली. मागनं तिची पिल्लं. सगळी माझ्याकडं बघतायत.

वयनी म्हणाली, "तात्या, हे पण मुद्दामच ना?"

ते दार अजून तसंच हाय. बदलू देत नाय बाई. मी अंगणात पाऊल टाकलं की आतनं ओरडते, "तात्या, कडी लावलीय, खालनं या!"