सडांच्या मलमाचा वास

माझा मोठा भाऊ सेल्मर कुणावरच विश्वास ठेवत नाही. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावचे म्हातारे डॉक्टर दवाखाना सोडून मुलीकडे राहायला गेले आणि त्यांच्या जागी कार्ला नावाची नर्स आली. तपासायचं, औषध लिहून द्यायचं, सगळं तीच करते, हे ऐकून त्याचं डोकंच फिरलं.

"नर्सनं सुई टोचावी. ही निदान कसलं करतेय?"

"सरकारनं परवाना दिलाय तिला."

"सरकार काय, कुणालाही देईल!"

इकडे गाईनं त्याच्या पायावर पाय दिलेला, त्यात त्याला मधुमेह. तीन आठवडे लंगडत होता आणि विचारलं की म्हणायचा, "बूट चावतोय." याचा पाय जातो की काय, अशी मला धास्ती. शेवटी दटावून त्याला गाडीत घातलं.

दवाखान्यात यानं पायाचं नावच काढलं नाही. "पोट दुखतंय," म्हणाला आणि मला डोळा मारला. बाई फसते का, ते बघायचं होतं त्याला. असा संताप आला मला!

कार्लानं पोट दाबून पाहिलं. मग नाकानं हुंगलं. "गाईच्या सडांना लावायचं मलम तुम्ही कुठं लावलंय?"

सेल्मरनं पाय मागे ओढला.

"माझ्या वडिलांचा गोठा होता. हा वास मी झोपेतही ओळखेन. बूट काढा."

"आधी पोटाचं सांगा."

"पोट ठणठणीत आहे. बूट."

मोजा निघाला आणि मी तोंड फिरवलं. अंगठा काळा पडला होता. कार्लानं जखम धुतली, एक फोन केला आणि म्हणाली, "हे माझ्या हातचं नाही. आत्ताच्या आत्ता शहरातल्या रुग्णालयात जा."

"बघ!" तो माझ्यावर खेकसला. "म्हटलं नव्हतं? हिला काही येत नाही!"

"येत नाही ते येत नाही म्हणते रे ती," मी ओरडले. "तुला जमलंय कधी ते?"



रुग्णालयातला सर्जन म्हणाला, अंगठा आज काढला तर पाय वाचेल. त्यानं संमतीचा कागद पुढे केला. सेल्मरनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पण पेन काही हातात घेतलं नाही.

"आर्डिस," तो मला म्हणाला, "त्या कार्लाला फोन लाव. ती हो म्हणाली तरच सही करीन."